माझं न म्हटलेलं ‘व्हय’

आप्पाकाकांबद्दल कुणी चांगलं बोललं की मला आजही ठसका लागतो. आणि बोलणारे काही कमी नाहीत. परवाच माजिवड्याला आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक गृहस्थ भेटले, कुठल्याशा विद्यापीठातून निवृत्त झालेले. माझं माहेरचं आडनाव कळल्यावर त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले. “म्हणजे भाषेचे ते थोर तत्त्वज्ञ तुमचे सख्खे काका? भाग्य हो तुमचं!” मी म्हटलं, “भाग्यच. त्यांच्या धोतरांना नीळ मीच घालायचे.” त्यांना ते कौतुकानं सांगितल्यासारखं वाटलं असावं, कारण ते आपला मजला येईपर्यंत हसत होते. हसा बापडे. सत्तरी उलटली माझी, गुडघे गेले, कान अर्धे गेले, पण राग मात्र अजून ताजा आहे, आणि तो मी जपूनच ठेवलाय.

आम्ही तेव्हा ठाकुर्लीला चाळीत राहायचो. दोन खोल्या. बाहेरची आप्पाकाकांची आणि त्यांच्या पुस्तकांची, आतली आम्हा तिघांची, शिवाय चूल, माठ, मोरी आणि आईची शिलाई मशीन. आप्पाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही. ठाण्याच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, आणि डोळ्यांच्या पडद्याचं काहीतरी बिघडून दिसेनासं व्हायला लागलं तेव्हा मुदतीआधीच घरी बसले. सकाळी पावरहाऊसचा भोंगा व्हायचा, मागोमाग नळावर गंगूकाकीचा. ही आमची शेजारीण. तिच्या शिव्या ऐकून कावळेसुद्धा कौलावरून उठायचे. आमच्या घरात मात्र कुजबुज. आप्पा विचार करतायत! सुक्या बांगड्याच्या वासानं त्यांचा विचार तुटायचा, म्हणून आई भर उन्हात मागच्या पायरीवर शेगडी नेऊन बांगडे भाजायची. मग तोच बांगडा, कुळथाची पिठी आणि भात यांच्यावर सगळ्यांत आडवा हात आप्पांचाच. बाबा कारखान्यातून दमून आले तरी भावाचं पान मांडल्याशिवाय स्वतः बसायचे नाहीत. “आमच्या घराण्यात एवढी बुद्धी आजवर कोणाक नाय मिळूक,” असं ते आईला सांगायचे, आणि आई म्हणायची, “व्हय तर.”

त्यांचे डोळे म्हणजे मी. सातवीत असल्यापासून मी त्यांना वाचून दाखवायची आणि ते सांगतील ते लिहून घ्यायची. बाहेरच्या माणसांशी ते असं मराठी बोलायचे की पुण्याच्या माणसानं कान टवकारावेत. घरात मात्र शुद्ध मालवणी. लिहून घेता घेता त्यांचं सगळं तत्त्वज्ञान माझ्या बोटांतून गेलं. ते कळायला अवघड नव्हतं. ते म्हणायचे, बोलणं म्हणजे पानात वाढणं. वाढणाऱ्यानं वाढलं म्हणून जेवण होत नाही, समोरच्यानं घेतलं तर होतं. एकट्याचं बोलणं ही नुसती हवा. समोरून हुंकार आला, होकार आला, की त्या हवेचा शब्द होतो आणि मग तो शब्द दोघांनाही बांधतो. आणि घेणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय होतं, हे विचारायचं नाही. मनाला खिडकी नसते, कुणाला डोकावता येत नाही. तोंडातून गेलं ते गेलं. या एका गोष्टीवर त्यांनी आयुष्य काढलं, आणि खरं सांगायचं तर गोष्ट मोठी होती. राग आहे म्हणून मी खोटं लिहिणार नाही. परदेशातली मोठमोठी माणसं त्यांना पत्रं पाठवायची, आणि ती पत्रं वाचून दाखवताना माझ्याही अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्यांचा लाडका पुरावा म्हणजे गाऱ्हाणं. आम्हा तळकोकणातल्या माणसांना ते सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. देवापुढे घरातला थोरला पुरुष उभा राहून मोठ्यानं मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेली सगळी माणसं एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ ते म्हटलं नाही तर मागणं देवापर्यंत जातच नाही. आणि एकदा म्हटलं की ठरलं. गाऱ्हाण्यात ठरलेली गोष्ट आमच्याकडे कोणी मोडत नाही. भावाभावांतल्या वाटण्या त्यावर झाल्यात, सोयरिकी झाल्यात. चाळीतली आम्ही पाच-सहा मालवणी घरं मृगाला राखण, म्हणजे राखणदार देवाला कोंबड्याचा मान, द्यायचो. चाळीमागे भातखाचरांच्या कडेला जांभळाखाली एक शेंदूर लावलेला दगड होता, तिथल्या आगरी शेतकऱ्यांचा. आमचा राखणदार गावी राहिला, म्हणून आम्ही ह्यांच्याच देवाला आपला केला. शेताचा म्हातारा मालक दरवर्षी बांधावर बसून चिडवायचा, “आमचे देवाला तुमची बोली समजंल काय रं?” कोंबडा, नारळ, गाऱ्हाणं, आणि मग वडे-सागोती, म्हणजे त्याच कोंबड्याचा रस्सा. अख्ख्या वर्षात मला त्या दिवसाइतका दुसरा दिवस आवडायचा नाही.

मी अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, चांगल्या मार्कांनी पास झाले तेव्हा ठाण्याच्या कॉलेजात नाव घालायचं घरात ठरलं होतं. मी नववीत असताना खुद्द आप्पांनीच म्हटलं होतं, “जा गो, शिक.” आईनं दोन नवीन फ्रॉक-परकर नाही, चक्क साडी काढली होती माझ्यासाठी, निळी, तिच्या लग्नातली. आणि आठवडाभरात मृगाची राखण आली. आप्पा दगडापुढे उभे राहिले, पांढरं धोतर, डोळ्यांवर काळा चष्मा. “हे बा म्हाराजा, गाव सोडून पोटासाठी हयसर इलेली ही तुझी लेकरां, तेंची राखण कर रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” “कोणाक दुखणाबाणा असात, ता दूर कर रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” एकदा लय लागली की ऐकायचं थांबतो माणूस. नुसता ‘म्हाराजा’ कानावर पडला की तोंड आपोआप उघडतं. लहानपणापासून अंगात भिनलेलं ते. त्याच लयीत, सूर जराही न बदलता, ते म्हणाले, “आमच्या घरच्या ह्या चेडवाच्या डोक्यात कॉलेजाचा खूळ शिरला असा, ता काढून टाक, तिका घराक धरून रवाची बुद्धी दी रे म्हाराजा!” आणि सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. मीही म्हणाले! सगळ्यांत खणखणीत माझाच आवाज. म्हणून झाल्यावर मला अर्थ कळला, की ते चेडू, ती मुलगी, म्हणजे मीच. तोवर पुढचं मागणं सुरू झालं होतं, पावसाचं.

घरी येऊन मी रडले, पाय आपटले, त्यांच्या खोलीत जाऊन भांडले. उभ्या जन्मात त्यांच्यापुढे आवाज चढवायची ती पहिली वेळ. “आप्पा, मी सवयीनं म्हटलं. माझ्या मनात नव्हतं!” ते शांत. “मनातला कोणी इचारलाहा? तू म्हणालंस. पंधरा माणसांनी आयकला.” “पण तुम्हीच म्हणाला होता जा म्हणून!” “तेव्हा माझे डोळे थोडे तरी चालत होते,” ते म्हणाले, आणि मग कसं कोण जाणे, एकदम पुणेरी मराठीत आले, “तू दिवसभर ठाण्याला गेलीस तर माझं पुस्तक कोण लिहिणार?” एवढं साधं. पुस्तक! मी बाबांकडे गेले. बाबा पंचानं तोंड पुसत भिंतीकडे बघत म्हणाले, “थोरल्याचो शब्द गो. गाराण्यात गेलेलो. मी काय बोलू?” आणि आता जे सांगते ते नीट ऐका, कारण लिफ्टमधल्या त्या गृहस्थांना हे सांगायला वेळ नव्हता. त्याच संध्याकाळी आप्पांनी मला हाक मारली, वही काढायला लावली आणि सांगायला सुरुवात केली: ‘एका मुलीने आपल्या इच्छेविरुद्धच्या मागण्याला स्वमुखाने होकार दिला. तिच्या मनात काय होते, हा प्रश्न गैरलागू आहे.’ मी लिहिलं. माझ्याच हातानं, माझ्या सुंदर अक्षरात. ‘गैरलागू’ म्हणजे काय, हेसुद्धा मी त्यांनाच विचारलं.

ते वर्ष मी कसं काढलं, मला विचारू नका. निळी साडी ट्रंकेत परत गेली. मी वाचायची, लिहायची, त्यांच्या पानावर पिठी वाढायची, आणि मनातल्या मनात त्यांचं वाट्टोळं चिंतायची. असं म्हणतात की रागानं माणूस आतून जळतो. मी तर बाई टिकले रागावर! आप्पांचं ते लिखाण एका मासिकात छापून आलं, त्याचा इंग्रजी अनुवाद बाहेर गेला, आणि पुढच्या मृगाआधी पत्र आलं की परदेशातल्या एक विदुषी टेपरेकॉर्डर घेऊन ठाकुर्लीला येणार, खरोखरचं गाऱ्हाणं ध्वनिमुद्रित करायला. पत्र मीच वाचून दाखवलं. वाचतावाचताच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

पहिल्यांदा गेले गंगूकाकीकडे. मासिकाचा अंक घेऊनच. तिचा कोंबडा चोरीला गेला तेव्हा तिनं नळावर उभं राहून चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, तो आप्पांनी शब्दन् शब्द छापला होता, खाली विवेचन करून. मी वाचून दाखवलं. काकी तांदूळ निवडत होती, तिचं सूप तसंच राहिलं. “माज्या शिव्यो छापल्यान मेल्यान? माका इचारल्याशिवाय? आणि वर काय म्हणता, ह्या आदिम प्रार्थनेचा रूप? प्रार्थना! तेच्या तोंडात माती पडो, मी जीव तोडून शिव्यो दिलेलंय!” तिच्या शिव्यांना कुणी शिव्या मानलं नाही, ह्याचाच तिला जास्त राग आला होता. माझा बेत सांगितल्यावर ती मांडीवर थाप मारून हसली. “बायकांचा मी बघतंय. आणि पुरुषांका सांगून ठेवतंय, जो कोण व्हय म्हणतलो, तेका सागोती नाय. नुसते वडे गिळूचे.”

आई मात्र ऐकेना. वड्यांचं पीठ मळत होती. “देवाच्या दारात गप रवूचा? पाप लागात गो.” मी पुष्कळ सांगितलं. ती मान हलवत राहिली. मग मी मासिक उघडलं आणि तिला ते वाक्य वाचून दाखवलं, एका मुलीने आपल्या इच्छेविरुद्ध. आईला लिहावाचायला येत नव्हतं. वर्षभर ती समजत होती की भावोजींनी चूक केली ती केली, पण घरातली गोष्ट घरात राहिली. तिचे हात पिठात थांबले. “ही मुलगी म्हणजे तू?” “मी.” “आणि ह्या लिवलान कोणी?” “मीच लिवलंय, आई. त्यांनी सांगितलं, मी लिवलंय.” तिनं पिठाचे हात परातीच्या कडेला पुसले. मग म्हणाली, “परत वाच.” मी परत वाचलं. “बरा,” आई म्हणाली, आणि पुन्हा पीठ मळायला लागली, जरा जास्तच जोरानं.

राखणीच्या सकाळी पाहुण्या बाई आल्या. उंच, सुती साडी गुडघ्यापर्यंत वर चढलेली, सोबत मुंबईचे एक प्राध्यापक. त्यांना जांभळाखाली स्टुलावर बसवलं, टेपरेकॉर्डर एका पाटावर ठेवला. चाळीतली सगळी मालवणी मंडळी जमली. बांधावर तो म्हातारा शेतकरी नेहमीसारखा. आप्पांनी आधी इंग्रजीत दोन शब्द सांगितले, ते फार खूश होते, मग दगडापुढे हात जोडले. बाईंनी बटण दाबलं. “हे बा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे जमली हत, तेंची सेवा मान्य करून घे रे म्हाराजा!”

काही नाही. पायाशी बांधलेला कोंबडा तेवढा पुटपुटला. आप्पांना वाटलं, लोक परक्या बाईला बुजले. त्यांनी हसून तेच पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. काही नाही. एका तरुणाच्या तोंडातून अर्धा ‘व्ह’ निसटला, तोच त्याला बायकोनं कोपरखळी हाणली. टेपरेकॉर्डरची चाकं फिरत होती. आप्पांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी काळा चष्मा आमच्या बाजूला वळवला आणि हलकेच म्हणाले, “शालू?” मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. मी श्वासाचाही आवाज केला नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला. ज्या माणसानं आयुष्यभर सांगितलं की समोरून होकार आला नाही तर बोलणं होतच नाही, तो माणूस साऱ्या जगाच्या साक्षीनं तिथे न बोललेला उभा होता. काय सांगू, असं सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही. माझ्या लग्नात नाही, पहिल्या पगारालाही नाही.

“काय होया तुमका?” शेवटी त्यांनी विचारलं. मग माझी आई, जी उभ्या जन्मात दिरासमोर मान वर करून बोलली नव्हती, पदर खांद्यावर घट्ट ओढून पुढे आली. “भावोजी, गेल्या वर्षी जा मागितल्यात, ता मागे घेवा. चेडवाचा सांगा.” ते मुंबईचे प्राध्यापक पाहुण्या बाईंच्या कानात भराभरा काहीतरी सांगत होते. बाबांनी खाली बघितलं, पण तेही गप्प राहिले, आणि त्याबद्दल मी त्यांचं बाकी सगळं माफ केलं. आप्पा ओठ चावत उभे होते. मग वळले. “बा म्हाराजा, आमच्या घरच्या चेडवाक ह्या वर्षापासून ठाण्याच्या कॉलेजात जावचा असा, तिका यश दी रे म्हाराजा.” “आणि आडवो येतलो तेचा?” गंगूकाकी मागून ओरडली. आप्पांना तेही जोडावं लागलं, “...आणि तिच्या वाटेत जो कोण आडवो येतलो, मगे तो घरचो थोरलो का असेना, तेका तू बघून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” खाचरापलीकडच्या बगळ्यांचा थवा उडाला इतक्या जोरात. बांधावरचा म्हातारासुद्धा ओरडला. फक्त मी म्हटलं नाही. आणि आप्पांनी ते ऐकलं. डोळे गेलेल्या माणसाचे कान. पंधरा आवाजांतला एक नसलेला आवाज त्यांना बरोबर कळला. त्यांनी मान माझ्याकडे केली, क्षणभर थांबले, मग पुढचं मागणं म्हणाले.

दहा दिवसांत मी कॉलेजात गेले. निळी साडी नेसून. विषय घेतला तत्त्वज्ञान, त्यांच्याच अंगणात जाऊन त्यांना हरवायचं म्हणून. दुपारी टेंभी नाक्याजवळच्या वाचनालयात बसून त्यांच्या विरोधातलं जे जे सापडेल ते वाचायची. पुढे कल्याणला शिकवायला लागले. आप्पांना दुसरा लेखनिक मिळाला, आणि त्यांनी दुसरं पुस्तक लिहिलं, ज्यानं ते खरे मोठे झाले. ते पुस्तक मौनावर आहे. त्याच्या मध्यभागी एक मुलगी उभी आहे. जमाव गप्प राहिला होता हे त्यात नाही, आई नाही, गंगूकाकी नाही. आहे ते एवढंच, की घरातल्या थोरल्यानं आपली चूक देवापुढे दुरुस्त केली, सगळ्यांनी होकार दिला, आणि ज्या मुलीवर अन्याय झाला होता ती एकटी गप्प राहिली. तिचं ते मौन, आप्पा लिहितात, होकाराहूनही पूर्ण होतं. ती क्षमा होती, आणि क्षमा शब्दांत मावत नाही. पुढची तीनशे पानं या एका मौनावर उभी आहेत. जगभर शिकवतात ती. माझ्याही वर्गात पोरंपोरी तो उतारा वाचून डोळे पुसायची, आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायची.

शेवटी शेवटी आप्पा एकदा माझ्या कल्याणच्या घरी आले, रिक्षातून, काठी टेकत, कुणालाही सोबत न घेता. स्वयंपाकघरात बसले. मी चहा करून त्यांच्यापुढे ठेवला. बराच वेळ ते कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “शालू, त्या दिवशी तू व्हय म्हणाक नाय. ती माफीच होती ना गो?” आवाजात इतकी आशा होती की दुसरं कोणी असतं तर विरघळलं असतं. मी भाजीखालचा गॅस बारीक केला. म्हटलं, “चहा घ्या आप्पा, निवतोय.” त्यांनी घेतला. निघताना दारात पुन्हा थांबले, तोंड माझ्या दिशेनं करून, वाट बघत. मी त्यांच्या हातात काठी दिली. पुढच्या पावसाळ्यात ते गेले, आणि हो की नाही, हे न कळताच गेले.

आता त्यांची जन्मशताब्दी आहे म्हणे. ठाण्यात मोठी सभा आहे, आणि त्या बाईंची जुनी टेप तिथे वाजवणार आहेत. आयोजक मुलीचा फोन आला, गोड आवाज, “मॅडम, त्या मौनात तुमच्या मनात नेमकं काय होतं, हे जगाला पहिल्यांदाच कळेल. तुम्ही याल ना?” मनाला खिडकी नसते, पण दार असतं, आणि ते आतून उघडतं. तेव्हा सांगते. ती माफी नव्हती. माझं तोंड रिकामं नव्हतं म्हणून मी व्हय म्हटलं नाही. सगळे ओरडत होते तेवढ्या वेळात मी ओठ मिटून आप्पांना शिव्या घालत होते, गंगूकाकीच्या, एकामागून एक, आणि त्या अजून संपल्या नव्हत्या.